नांदुऱ्यात फ्रेंच राहत होती

महाराष्ट्र राज्याच्या इतिहासात नोंदवायची राहून गेलेली एक अत्यंत गंभीर बाब मी आज जाहीर करत आहे. वाचकांनी शक्य असल्यास उभे राहावे. टोपी असल्यास काढावी. बाब अशी की, राज्य नुकतंच जन्माला आलं होतं त्या काळात, बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुरा या गावी फ्रेंच भाषा राहत होती. रेल्वे स्टेशनाच्या बाजूला, कापसाच्या वखारीमागे, दोन खोल्यांत, भाड्याने. शनिवारी दुपारी तिच्याकडे स्पॅनिशही येऊन बसत असे. आता बसलं तरी चालेल.

या दोन्ही भाषांना सांभाळणारा माणूस म्हणजे आमचे मास्तर. गाव त्यांना फ्रेंचमास्तर म्हणायचं आणि आम्ही वर्गात मस्यो, म्हणजे महाशय, म्हणायचो, कारण त्यांची तशी आज्ञा होती. नांदुऱ्याचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की, हा माणूस मे महिन्यातही काळा कोट घालून फिरायचा आणि गळ्यात रेशमी रुमाल बांधायचा. रस्त्यातल्या म्हशीसुद्धा त्यांच्याकडे सहानुभूतीने बघत.

ते मूळचे देऊळघाटचे, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. तरुणपणी घरातून निघाले ते थेट पाँडिचेरीला पोचले, आणि तिथे एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी पत्रं लिहायच्या कामाला लागले. व्यापाऱ्याची बायको स्पेनची. त्यामुळे कचेरीत फ्रेंच आणि स्वयंपाकघराच्या बाजूला स्पॅनिश, अशा दोन्ही भाषा त्यांना एकाच घरात मिळाल्या. रविवारी ते जोडपं त्यांना आपल्या टेबलावर जेवायला बसवायचं. मग फ्रेंच लोक पाँडिचेरी सोडून गेले, त्यांच्यासोबत ते जोडपंही गेलं, आणि मास्तर दोन भाषा घेऊन देऊळघाटला परत आले. भावांनी घरात जागा दिली. "जागा दिली, पण कोणी काही विचारलं नाही," असं ते एकदा म्हणाले होते, आणि लगेच आम्हाला क्रियापदं चालवायला लावली होती.

आमच्या शाळेच्या तेव्हाच्या अध्यक्षांना, म्हणजे एका हौशी म्हाताऱ्या वकिलांना, आपल्या शाळेत असं काहीतरी हवं होतं जे अख्ख्या वऱ्हाडात कुठे नसेल. त्यांनी मास्तरांना शोधून आणलं. आठवीत संस्कृत नको असेल त्याला फ्रेंच घेता येईल, असं ठरलं. मी फ्रेंच घेतली ती फ्रान्सच्या प्रेमापोटी नव्हे. संस्कृतचे मास्तर छडी घेऊन शिकवत, आणि फ्रेंचचे मास्तर वर्गात शिरताना प्रत्येकाला वाकून "बाँजूर" म्हणत. निवड अवघड नव्हती.

माझा जोडीदार गजा. त्याच्या बापाचा सरकीचा धंदा होता. संस्कृतवाली पोरं त्याला व्हरांड्यात अडवून विचारत, "काऊन बे गज्या, पॅरिसले सरकी इकतं का?" गजा शांतपणे फ्रेंचमध्ये त्यांना काहीतरी सांगायचा. तो काय सांगतो ते त्यांना कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही कळायचं नाही. पण ऐकायला ते भयंकर वाटायचं.

मास्तरांचं म्हणणं असं की, भाषा ही पुस्तकात नसते, ती वागण्यात असते. "क्रियापद चुकलं तरी चालेल, नमस्कार चुकता कामा नये." हे ते नुसतं म्हणत नसत, गावात तसं वागत. फ्रान्समध्ये म्हणे दुकानात शिरलं की आधी दुकानदाराला, मग हजर असलेल्या सगळ्यांना नमस्कार करायचा, आणि मग वस्तू मागायची. मास्तर किराणा दुकानात जायचे. शेटजींना नमस्कार. पोत्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला नमस्कार. तेल घ्यायला आलेल्या बाईला नमस्कार, ती पदर ओढून भिंतीकडे तोंड करायची. मग शेटजींची तब्येत, शेटजींच्या गुडघ्याची तब्येत. एवढं होईपर्यंत मागून आलेली चार गिऱ्हाइकं माल घेऊन गेलेली असत. शेटजी शेवटी हात जोडून म्हणत, "मास्तर, काय पाह्यजे ते सांगा ना आता." मास्तर म्हणत, "मीठ."

मी एकदा त्यांना विचारलं होतं की, एवढं सगळं मिठासाठी कशाला. ते म्हणाले, "अरे, माणसाला आधी माणूस म्हणून भेटावं. मग मीठ मागावं."

संध्याकाळी ते स्टेशनवर जात. त्यांना कुठे जायचं नसायचं. मुंबई-नागपूर लाइनवरची एखादी मोठी गाडी आमच्याकडे जेमतेम श्वास घेण्यापुरती थांबायची. तेवढ्यात मास्तर पहिल्या वर्गाच्या डब्यापाशी जाऊन खिडक्यांतून बघत. गोरा चेहरा दिसला की रुमाल सारखा करून फ्रेंचमध्ये शुभ संध्याकाळ म्हणत. बहुतेक चेहरे इंग्रज किंवा अमेरिकन निघत आणि खिडकी लावून घेत. एकदा मात्र एका पांढऱ्या दाढीच्या पाद्र्याने फ्रेंचमध्ये उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गात आले ते असे, की आम्हाला वाटलं लग्न ठरलं. तो काय म्हणाला, असं आम्ही विचारलं. तर त्याने विचारलं होतं की, इथे चहा बरा मिळतो का. मास्तरांनी त्याला चहा, पाणी, चहावाला, पाण्याची चव आणि जिल्ह्याचं हवामान हे सगळं इतकं सविस्तर सांगितलं की गाडी सुटली. ते गाडीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत बोलत गेले. पाद्र्याला चहा मिळाला नाही. आम्ही पोट धरून हसलो. मास्तरही हसले, पण जरा उशिराने.

वर्गात त्यांचा सगळ्यात आवडता धडा होता जेवणाच्या टेबलाचा. तो धडा पुस्तकात एक पानाचा होता आणि आम्ही तो पावसाळ्यापासून होळीपर्यंत शिकलो. बाक एकमेकांना जोडून टेबल करायचं, पाट्या ठेवायच्या त्या ताटल्या, आणि समोरासमोर बसायचं. मग मी गजाला फ्रेंचमध्ये म्हणायचं, कृपा करून मीठ देता का. गजाने मीठ उचलून द्यायचं. मी आभार मानायचे. मीठ नव्हतंच. वर्षभर आम्ही नसलेलं मीठ एकमेकांना देत होतो, आणि आभार मात्र खरे मानत होतो.

स्पॅनिशला वेळापत्रकात जागा नव्हती. शनिवारी अर्ध्या दिवसाने शाळा सुटली की ते आम्हा दोघातिघांना थांबवून घेत. फ्रेंच ओठांच्या टोकावर बोलायची आणि स्पॅनिश छातीतून, असं ते सांगत. स्पॅनिशमध्ये प्रश्नचिन्ह वाक्याच्या आधीही देतात, उलटं करून, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. "बघा, किती सभ्य लोक. विचारायच्या आधीच कळवतात की आम्ही आता विचारणार आहोत. समोरच्याला सावरून बसता येतं." आणि तिथेच त्यांनी आम्हाला तो शब्द दिला, सोब्रेमेसा. जेवण झाल्यावर हात न धुता, ताटं समोर तशीच ठेवून, माणसं गप्पा मारत बसून राहतात, त्या वेळेचं नाव. गजाने विचारलं, आपल्यात याला काय म्हणतात. मास्तर हातातला खडू ठेवत म्हणाले, "आपल्यात उठतात."

एकदा मी वही द्यायला त्यांच्या खोलीवर गेलो होतो. दिवेलागणीची वेळ होती आणि खिडकी उघडी होती. मास्तर टेबलाशी एकटेच जेवत होते. आधी ते वाटीतलं वरण प्यायले. उठले, वाटी विसळली, ताटलीत वांग्याची भाजी घेतली, टेबलावर आणून ठेवली, मान लववून "मेर्सी" म्हणाले आणि बसले. भाजी संपवली. पुन्हा उठले, ताटली विसळली, भाकरीचा तुकडा आणि लोणी घेतलं, ठेवलं, मेर्सी म्हणाले, बसले. वाढणारेही तेच आणि आभार मानणारेही तेच. मी वही खिडकीत ठेवून परत आलो. ही गंमत वर्गात करून दाखवायची असं मी रस्त्याने ठरवत होतो. का कोण जाणे, ती करून दाखवली नाही.

मग ते हौशी वकील वारले आणि नवे अध्यक्ष आले. हे अध्यक्ष धान्याचे आडते. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक गोष्ट काट्यावर तोलायचा. नव्या आठवीत ठरलेल्या संख्येइतकी नावं आली नाहीत तर फ्रेंचचा वर्ग बंद, असा त्यांनी नियम काढला. मास्तर उन्हातून घरोघरी गेले. प्रत्येक घरात आधी सगळ्यांना नमस्कार केला. एवढं करून एक नाव कमी पडलं. एकच.

वर्ग बंद झाला तर मास्तर नोकरीला मुकतील, हे उघड होतं. पण ती खरी भीती नव्हती. देऊळघाटला मळा होता, भाऊ होते, भाकरीची सोय होती. भीती ही होती की मग या जिल्ह्यात त्यांना "मीठ द्या" असं म्हणणारंही कोणी उरणार नव्हतं.

मास्तरांनी शेवटचा उपाय काढला. अध्यक्ष जर एकदा, फक्त एकदा, फ्रेंच रीतीने टेबलावर जेवले, तर त्यांना वर्ग कशासाठी आहे ते कळेल, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी अध्यक्षांना आमंत्रण दिलं. सपत्नीक. आणि एक अट घातली की दोघांनी एकाच वेळी, एकाच टेबलावर बसायचं. अध्यक्ष इतके चकित झाले की हो म्हणून बसले. हेडमास्तरांनाही बोलावलं होतं, पण ते ऐनवेळी आजारी पडले, जसे हेडमास्तर पडतात.

रविवारी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, अध्यक्ष आणि त्यांची बायको, आमच्या काकू, मास्तरांच्या खोलीवर आले. काकूंना मी त्याआधी फक्त त्यांच्या दारात, पदर सावरून उभं राहिलेलं पाहिलं होतं. टेबल शाळेतून आणलेलं, वर धुतलेली चादर. एका बाजूला अध्यक्ष, समोर काकू, काकूंच्या डावीकडे यजमान म्हणून मास्तर. उरलेल्या जागांवर मी आणि गजा, तेल लावून भांग पाडलेले. स्वयंपाक मास्तरांनी एकट्याने केला होता. पहिला पदार्थ आला, टोमॅटो घातलेल्या वरणाचं पाणी, ज्याला त्यांनी एक लांबलचक फ्रेंच नाव दिलं. प्रत्येकासमोर एकेक वाटी. मास्तर बसले, सगळ्यांना सुखाने जेवा म्हणाले, आणि हात मांडीवर ठेवले.

आणि मग काहीच झालं नाही.

आता हा पेच नीट समजून घ्या, कारण असा पेच फ्रान्समध्ये पडू शकत नाही आणि नांदुऱ्यातही एरवी पडला नसता. आपल्या पंगतीची रीत अशी की मीठ, चटणी, कोशिंबीर, भाजी, पोळी, भात, वर वरण आणि वरणावर तूप, हे सगळं पानात पडेपर्यंत शिताला बोट लावायचं नाही. आधी लावलं तर माणूस हावरा ठरतो. अध्यक्ष घरंदाज माणूस. ते उरलेलं पान कधी वाढतात याची वाट बघत बसले. तिकडे फ्रेंच रीत अशी की समोरचा पदार्थ संपल्याशिवाय पुढचा आणायचा नाही. आणला तर पाहुण्याला घाई केल्यासारखं होतं. मास्तर घरंदाज फ्रेंच. ते वाट्या कधी रिकाम्या होतात याची वाट बघत बसले. मला आणि गजाला दोन्ही रीती माहीत होत्या, पण अध्यक्षांच्या आधी तोंड घालायची आमची छाती नव्हती. वरणावर साय धरली. अध्यक्षांनी सरकीच्या भावाबद्दल दोन वाक्यं बोलून स्वयंपाकघराकडे पाहिलं. मास्तरांनी पाहुण्यांच्या वाट्यांकडे पाहिलं. गजाच्या पोटातून असा आवाज आला की अध्यक्षांनी मान वळवली.

शेवटी काकू सवयीने उठल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. काहीतरी करपलं असणार, आणि बिचाऱ्या मास्तरांना सांगता येत नसणार, असं त्यांना वाटलं. मास्तर ताडकन उभे राहिले. "बाईसाहेब, आपण बसा. आपण आज वाढायचं नाही."

काकू बसल्या. वाटीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "मास्तर, हे संपल्याबिगर पुढचं येतच नाई का?"

मास्तरांनी मान हलवली. काकूंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, मग दोन्ही हातांनी वाटी उचलली आणि घटाघटा पिऊन टाकली. नवऱ्याच्या आधी. अध्यक्ष बघत राहिले. मग त्यांनीही वाटी उचलली, आम्ही तर उचललीच, आणि मास्तर नाचत म्हणावं तसे स्वयंपाकघरात गेले.

पुढे जे झालं ते मला आजही चित्रासारखं दिसतं. काकडी आली, संपली. वांगी आली. यजमानाने उजवीकडच्या बाईंशी बोलायचं, ही रीत. मास्तरांनी काकूंना विचारलं की, त्यांच्या माहेरी कोणतं झाड होतं. अध्यक्ष म्हणाले, "चिंच होती मोठी, विहिरीपाशी." मास्तर त्यांच्याकडे वळून अतिशय नम्रपणे म्हणाले, "क्षमा करा, मी बाईंना विचारलं."

काकूंनी हातातला घास ताटलीत ठेवला. मग म्हणाल्या की चिंच होतीच, पण त्यांचं झाड पेरूचं. आणि त्या सुरू झाल्या. पेरूवर चढायच्या, भाऊ खालून मोजायचा, एकदा फांदी मोडली तर भावाने आपल्या अंगावर घेतलं. तो भाऊ पुढे तापाने गेला. हे बोलताना त्यांनी पदर डोळ्याला लावला नाही, वांग्याचा घास घेतला. मास्तर मधून मधून एखादा प्रश्न विचारत, विचारायच्या आधी हात जरा वर करत. अध्यक्ष जेवायचं थांबून ऐकत होते. काकूंचं लक्ष त्यांच्याकडे गेलं आणि त्या आमच्याकडे वळून हसत म्हणाल्या, "पोरायनो, मी वाढतानी ह्यायचं टक्कलच पाह्यलं आजवर. जेवतानी तोंड आज पाह्यलं."

गजाला ठसका लागला. अध्यक्ष टकलावरून हात फिरवत हसले. मी मास्तरांकडे पाहिलं. त्या दिवशी खिडकीतून दिसलेला, टेबलाशी एकटा जेवणारा माणूस हाच, यावर माझा विश्वास बसेना. शेवयांची खीर संपली. कोणी उठलं नाही. खरकटे हात वाळून गेले आणि तरी कोणी उठलं नाही. मास्तरांनी माझ्याकडे बघून फक्त ओठ हलवले. तो स्पॅनिश शब्द होता. मी मान हलवली.

मग अध्यक्षांनी घसा खाकरला.

पुढचं सगळं आधी सांगून टाकतो, म्हणजे ती संध्याकाळ शेवटी माझ्याजवळ मोकळी राहील. जूनमध्ये वर्ग उघडला नाही. त्या खोलीत टायपिंगची यंत्रं आली. मास्तर देऊळघाटला भावांकडे गेले. पुष्कळ वर्षांनी बुलढाण्याच्या बसस्टँडवर ते मला दिसले. कोट तोच, रुमाल तोच. त्यांनी मला बघताच फ्रेंचमध्ये नमस्कार केला. मी केला. कसे आहात, विचारलं. बरा आहे, म्हणाले, तू कसा आहेस. मी पण बरा आहे, म्हणालो. माझं फ्रेंच तिथे संपलं. ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते, पुढच्या वाक्यासाठी. माझी देऊळगाव राजाची गाडी लागली, आणि ते गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे राहिले.

पण त्या रविवारी यातलं काही झालेलं नव्हतं. खिडकीतून अजून उजेड येत होता. अध्यक्ष चादरीवरची सुरकुती बोटाने सारखी करत म्हणाले, "मास्तर, जेवन लय मस्त झालं. पन एक नाव कमी पडून राह्यलं, अन् नियम म्हंजे नियम. उद्या दुसरा कोनी येऊन म्हनंल का मले काऊन सूट नाई. वर्ग आता बंदच समजा."

मास्तर म्हणाले, "समजलं." शुद्ध मराठीत. मग त्यांनी दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले, पण ते उठले नाहीत. गजा खिरीच्या रिकाम्या वाटीत बघत होता. आणि काकू, ज्यांना त्या टेबलावर बसेपर्यंत कोणी काही विचारलं नव्हतं, वाळलेला खरकटा हात तसाच पुढे करून नवऱ्याला म्हणाल्या, "एकच नाव कमी हाये ना? मंग माह्यं लिहा ना."